पाळीच्या गोळ्या

शहरातल्या दवाखान्यात समुपदेशनाच्या खोलीला दार आहे. माझी बॅचमेट तिथे बसते आणि फोनवर मला शिकवते, मुलींशी मोकळं बोलावं म्हणून. बोल बाई, तुझं काय जातंय! माझ्या उपकेंद्रात दाराच्या जागी पडदा आहे, आणि पडद्याबाहेर बाकावर निम्मं गाव कान टवकारून बसलेलं.

म्हणून ती पोरगी आली तेव्हा मी आवाज खाली आणला. अठरा सरलेली, नर्सिंगचा फॉर्म भरलेली. एका मुलावर जीव आहे म्हणाली, पण आत्ता दिवस गेले तर शिक्षण सुटेल आणि घरचे लग्न उरकून मोकळे होतील. आडपडदा न ठेवता बोलली, मला फार आवडलं. गर्भनिरोधक गोळ्या कशा घ्यायच्या ते मी नीट समजावलं, तीन पाकिटं दिली. घरी कुणी विचारलं तर पाळी नियमित व्हायच्या गोळ्या आहेत असं सांग, म्हटलं. पाकिटावर तसं लिहूनही दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

दीड महिन्यानं तिची आई तिला घेऊन आली. हसतमुख बाई, मनात काही पाप नाही. उरलेली पाकिटं टेबलावर ठेवून अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे. पाळी अगदी तारखेला आली. आता कशाला उगाच औषधं पोटात ढकलायची? दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पोरगी माझ्याकडे बघत होती. कोर्स पूर्ण करावा लागतो, एवढंच म्हणायचं होतं मला. त्यात कुणाची अब्रू जात नव्हती. पण बाकावर तिची काकू बसलेली. पाकिटं उचलून मी कपाटात ठेवली. तिला एकटीला बोलावू, असं ठरवलं. मग लसीकरण आलं, मग अहवाल आले. मी फिरतीवर असताना ती दोनदा येऊन गेली, असं मदतनीस बाई म्हणाल्या. तरी राहिलं. राहिलं कसलं, मीच राहू दिलं.

आज दोघी परत आल्या. नर्सिंगला निवड झाल्याचं पत्र आईनं आधी बाकावरच्या सगळ्यांना दाखवलं. मग पडद्याआत येऊन, पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, "सिस्टर, हिची पाळी परत चुकलीय. दोन महिने झाले. त्याच गोळ्या द्या ना."

पोरगी फरशीकडे बघत होती. मी कपाट उघडलं. पाकिटं तिथंच होती, वर माझंच अक्षर.

"आता त्यांचा उपयोग नाही," मी म्हटलं.

"का हो," आईनं विचारलं, "जुन्या झाल्या?"