झिरो नंबरची हिरवळ

केस कापणं हा माझा धंदा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा घोळ कळायला सोपा जाईल. एकतीस वर्षं मी एकाच खुर्चीमागे उभा आहे. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, आणि मधला सगळा वेळ पायाखाली फरशी. आमची ही शिवणकाम करते, घरीच. म्हणजे आमचा संसार दोन कात्र्यांवर चालतो. त्यातली जास्त धारदार कुठली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

घरामागे आमची हिरवळ. फार मोठी नाही, चार पलंग मांडले तर भरून जाईल. रोज दुकानातून आलो की मागच्या पायरीवर चपला काढायच्या आणि अनवाणी त्या गवतावर दहा मिनिटं उभं राहायचं, हा माझा नेम. चालायचंसुद्धा नाही, नुसतं उभं राहायचं. दिवसभर उभा राहून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा उभाच राहतो, म्हणून ही हसते. हसू दे. फरशीवर उभं राहणं वेगळं आणि गवतावर वेगळं, हे ज्याच्या पोटऱ्या संध्याकाळी दगड होतात त्यालाच कळतं.

आणि ती हिरवळ मी ठेवली होती म्हणाल तर अशी की बघत राहावं. दर सुट्टीच्या दिवशी तिच्यावर गवत कापायचं मशीन फिरवायचो. विजेवर चालणारं, ढकलायचं, खाली एक पातं असलेलं. त्याला उंचीच्या पाच खाचा आहेत, माझी खाच सगळ्यात खालची. मशीन झालं की चारी कडा कात्रीने. एखादी काडी शेजारणीपेक्षा वर दिसली तर मला घास गोड लागत नसे.

शेवाळ कधी आलं ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आलं ते मला आवडलं. आधी झाडाखालच्या कोपऱ्यात, मग भिंतीच्या कडेने, मग सरळ मधोमध. पायाला मऊ लागायचं, लांबून हिरवंगार दिसायचं आणि मुख्य म्हणजे उंच वाढायचं नाही. ही दोन वर्षं सांगत होती, "अहो, मागे निसरडं झालंय, बघा जरा." मी म्हणायचो, "बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

एका सकाळी ती दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि पाय सरकला. डावं मनगट मोडलं. दुकानात फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीत आमच्याच गल्लीतला गवंडी बसला होता, अर्धी दाढी झालेला. तो बिचारा गालावरच्या फेसासकट उठला आणि मला आपल्या मोटारसायकलवरून दवाखान्यात घेऊन गेला. तिथे लोक पेशंट सोडून त्याच्याकडेच बघत होते.

हाताला प्लास्टर घालून ही बाहेर आली. माझ्याकडे बघितलंच नाही. गवंड्याला म्हणाली, "भाऊ, आमच्या मागच्या अंगणात फरशी घालायची आहे. कधी जमेल?"

गवंडी म्हणाला, "वहिनी, हातातलं काम संपायला चार महिने लागतील. मग चार दिवसांत करून देतो."

"मग चार महिन्यांनी या."

मी म्हटलं, "अगं, मी काढतो ना शेवाळ."

"काढा की. चार महिने आहेत. भाऊ येतील त्या सकाळी मी अनवाणी त्यावरून चालून बघणार. पाय घसरला, तर फरशी. माझा हात म्हणजे माझं पोट आहे, तुमच्या गवतापायी मी दुसरा मोडून घेणार नाही."

चूक माझी होती. दोन वर्षं 'बघतो' म्हणत बघितलं नव्हतं. तिचा हात गळ्यात अडकवलेला पाहून मला स्वतःचाच इतका राग आला की घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर मशीन काढलं आणि जे होतं तेही सपाट केलं. मुळापासून गेलं पाहिजे, असा माझा हिशेब. हिरवळीचं पार टक्कल करून टाकलं.

पंधरा दिवसांत शेवाळ आधीपेक्षा जोमाने आलं.

मग दाताळं आणलं आणि ओरबाडलं. पाच पोती शेवाळ निघालं, पाठ आठवडाभर कामातून गेली. कुणीतरी सांगितलं, हिराकस टाक, म्हणजे लोखंडाचा क्षार. खतवाल्याकडून आणला, पाण्यात कालवून झारीने शिंपडला. दोन दिवसांत सगळं शेवाळ काळं ठिक्कर. मी खूश. दुकानात येईल त्याला सांगत सुटलो की संपवला एकदाचा विषय. आणि त्या खुशीत तसाच ओल्या पायांनी घरात फिरलो. दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीपासून माझ्या खुर्चीपर्यंत गंजाच्या रंगाची पावलं उमटली होती, पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. घासली, निघाली नाहीत. अजून आहेत. आलेल्या प्रत्येक बाईला ही ती दाखवते आणि म्हणते, "आमचे हे शेवाळ काढत होते."

काळं पडलेलं शेवाळ खरवडून काढलं, खाली उघडी माती राहिली, आणि तिच्यावर काही दिवसांनी पुन्हा हिरवी लव. गवत नव्हे, तेच ते.

सव्वा महिना असा वाया गेल्यावर मला झिपऱ्या आठवला. झिपऱ्या म्हणजे सार्वजनिक बागेचा माळी. नाव मीच ठेवलंय. तीन महिन्यांतून एकदा, केस डोळ्यांत जायला लागले की येतो, आणि तेव्हाही "थोडेच काप" म्हणत खुर्चीची मूठ घट्ट धरून बसतो. त्याला घरी बोलावलं. आला, गुडघ्यावर बसला, खिशातला चाकू मातीत खुपसला. चाकू दोन बोटं जाऊन अडला.

"मशीन कुठल्या खाचेवर लावतोस?" त्याने विचारलं.

"सगळ्यात खालच्या."

"का?"

"का म्हणजे? नीटनेटकं दिसतं."

त्याने चाकू पुसला आणि मान वर केली. "गवत आपल्या हिरव्या पात्यावर जगतं. त्याचं जेवण तिथे तयार होतं. तू दर आठवड्याला त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून नेतोस. वर सावली, खाली माती दगड झालेली, पाणी मुरत नाही. गवत उपाशी मेलं, जागा रिकामी झाली, तिथे शेवाळ येऊन बसलं. त्याचा काय दोष? तूच बोलावलंस."

एकतीस वर्षांत माझ्या कापण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला झोंबलं. पण चाकू दोन बोटांवर अडलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

त्याने कामं सांगितली. बागकामाच्या चार दातांच्या काट्याने सगळीकडे वीतभर खोल भोकं पाडायची, त्यांत जाडी वाळू भरायची, झाडाच्या खालच्या फांद्या उतरवून ऊन आत येऊ द्यायचं, उरलेलं शेवाळ हलक्या हाताने काढून गवताचं बी पेरायचं. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, "आणि गवत चार बोटं होईपर्यंत मशीन लावायचं नाही. त्यानंतरही तीन बोटांच्या खाली कधीच नाही."

"चार बोटं?"

"चार. तू हात लावलास तर मला कळेल. मग हे डोकं तुझ्या दुकानात परत येणार नाही. आणि तोवर मीही कापत नाही, बघत बस."

मी तिथल्या तिथे शब्द दिला, की आजपासून मशीन बंद. ही खिडकीत उभी राहून ऐकत होती, प्लास्टरचा हात कठड्यावर टेकवून. ती एवढंच म्हणाली, "बघू."

भोकं पाडताना हाताला फोड आले. वाळूची पोती वाहिली. फांद्या उतरवताना मात्र मजा आली, कापायला काहीतरी मिळालं. बी पेरलं, रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पाणी. दरम्यान हिचं प्लास्टर निघालं, मनगट आधी काटकुळं दिसलं, मग हळूहळू ती शिलाईच्या मशीनवर बसायला लागली. तिला पहिल्यांदा शिवताना ऐकलं तेव्हा मला झारी हातात धरून रडू आलं. कुणी बघितलं नाही, बरं झालं.

आणि गवत उगवलं. एक बोट झालं, दोन झालं. इथून माझे हाल सुरू झाले. दुकानात मानेवर दोन बोटं केस वाढलेला माणूस बसला की माझा हात विचार न करता चालतो. इथे रोज डोळ्यांसमोर वाढतंय आणि आपण पाणी घालतोय. हात शिवशिवायचे. एकदा राहवलं नाही. दुकानातली कात्री आणली आणि पायरीजवळ तळव्याएवढी जागा झिरो केली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तीन आठवड्यांत बरोबर तेवढ्याच तळव्यात शेवाळ आलं, बाकी कुठेच नाही. झिपऱ्याचं म्हणणं त्या दिवशी मला पटलं. मी त्यावर कुंडी ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही.

चार महिने भरले. ठरल्या सकाळी मी लवकर उठून मागे गेलो. गवत चांगलं चार बोटं, दाट, बोट खुपसलं तर मातीपर्यंत जाईना. शेवाळाचा मागमूस नाही. पण दिसत कसं होतं म्हणाल तर झिपऱ्याच्या डोक्यासारखं, जिकडेतिकडे पिंजारलेलं. आणि गवंडी येणार, ही बघणार. म्हटलं, वरवर एक हात फिरवू. चार बोटं झालीच आहेत. तिसरी खाच लावू.

खोटं बोलतोय. खाच मी सगळ्यात खालची लावली. हाताला तीच सवय.

मशीन काढलं, प्लग लावला, बटण दाबलं. घूं करत सुरू झालं. ढकललं. गवत चाकांखाली झोपलं आणि मागे पुन्हा उठून उभं राहिलं. एक काडी तुटली नाही. परत ढकललं, परत तेच. बंद केलं, प्लग काढला, उलटं केलं. खाली पातं नव्हतंच.

"इकडे आहे," मागून आवाज आला.

पायरीवर ही उभी, हातात शिवणाचा डबा. शेजारी गवंडी, गळ्यात मोजायची टेप, नजर आकाशात. तिने डब्यातली रिळं बाजूला केली आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं पातं वर काढलं.

"माळी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून घेतलं," ती म्हणाली. "माझ्याच्याने एका हाताने पाना फिरेना, म्हणून भाऊंना बोलावलं."

मी गवंड्याकडे बघितलं. "तुला तेव्हापासून माहीत होतं फरशीचं काम होणार नाही?"

"वहिनींनी सांगितलं, मी केलं," तो म्हणाला. "तुमच्यात मला ओढू नका."

मी हिला म्हटलं, "अगं, पण फरशी तर तुलाच हवी होती."

"पहिले आठ दिवस खरंच हवी होती. फार राग आला होता तुमचा." तिने पातं परत गुंडाळलं. "मग रोज संध्याकाळी बघायची. शेवाळ काळं, सगळीकडे चिखल, उभं राहायला जागा नाही, आणि तुम्ही पायरीवर बसून पोटऱ्या दाबताय. बारा तास फरशीवर उभे राहून घरी येता. घरी येऊनही फरशीवरच उभे राहणार होतात का?"

मी उलटं पडलेलं मशीन सरळ करून ठेवलं. मग म्हटलं, "तुझा हात माझ्यामुळे मोडला गं. मला माफ कर."

"आधी चालून बघू द्या. ठरलंय ते ठरलंय."

तिने चपला काढल्या. माझा जीव टांगणीला. ती मधोमध गेली, झाडाखाली गेली, मुद्दाम भिंतीकडेने गेली, टाच दाबून दाबून. परत येताना तिने पायाने कुंडी सरकवली, खालचा हिरवा तळवा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कुंडी होती तिथे परत ठेवली. "भाऊ," ती म्हणाली, "टेप ठेवून द्या."

गवंड्याने लगेच खुर्ची मागितली. अर्धी दाढी माझ्याकडे चार महिने बाकी आहे म्हणाला. त्याच दुपारी झिपऱ्याही दुकानात आला, खांद्याला टेकलेले केस घेऊन. मी विचारलं, किती ठेवू? तो म्हणाला, चार बोटं. मी चारच ठेवली.

पातं अजून शिवणाच्या डब्यातच असतं. महिन्यातून एकदा मला मिळतं, तिसरी खाच तिने स्वतः बघितल्यावर. आणि संध्याकाळी मागच्या पायरीवर आता चपलांचे दोन जोड असतात.