दांडीवरचा मळ

मला स्वच्छतेचं वेड लागलंय असं बायको म्हणते. वेड नाही, अक्कल आहे. माझी बेस गिटार वाजवून झाली की मी ती पुसून ठेवतो. तारांचा आवाज मंद झाला की काढून उकळतो, आणि घामट हातांनी कुणी तिला शिवलेलं मला खपत नाही. अशा माणसाच्या गळ्यात सासऱ्यांचा डबल बेस पडावा, याला काय म्हणायचं?

झालं असं, की आमच्या बँडला एका नाट्यगृहाचं काम मिळालं. तिथे विजेवर चालणारं एकही वाद्य नको होतं. बँड चालवणारे मास्तर मला म्हणाले, "उभा बेस शिकून घे. महिनाअखेरीच्या रविवारी घरी येऊन ऐकतो. जमलं तर तू, नाहीतर दुसरा बघावा लागेल." इतकी वर्षं ज्या जागेवर उभा राहिलो, ती जागा गड्याने चहा पिता पिता टांगणीला लावली.

उभा बेस म्हणजे डबल बेस, आणि तो घरातच होता. सासऱ्यांनी उभं आयुष्य त्यावर काढलं. हात थरथरायला लागल्यापासून तो त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा असायचा, माझ्याहून उंच, आणि ओल्या पायपुसण्यासारखा वास मारणारा. पण खरी किळस होती ती दांडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब मानेची. मागच्या बाजूला, जिथे डावा अंगठा टेकतो, तिथे काळ्या मळाची पुटं चढली होती. एका माणसाच्या अख्ख्या नोकरीचा घाम! नखाने खरवडलं तर वळ्या निघाल्या असत्या. आणि मी तिथे अंगठा ठेवायचा? शी!

शिकवणी सुरू झाली. सासरे बोटाला थुंकी लावायचे आणि तेच बोट माझ्या बोटावर दाबायचे. मी शहारलो की त्यांना हसू यायचं.

"जावईबापू, तुमच्या त्या फळीवर पट्ट्या ठोकलेल्या असतात. पट्टी दिसली की बोट ठेवलं, झालं काम. इथे पट्ट्या नाहीत. इथे अंगठ्याला विचारायचं."

"अंगठा काय सांगणार, बाबा?"

"चिकटला की थांबायचं. बोटं आपोआप सुरावर पडतात."

तो चिकटायचा, यात शंकाच नाही. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात हात धुवायचो. बाकी सगळाच आनंद होता. आवाज कमी करायला माझा हात सवयीने पोटाशी जायचा आणि तिथे बटणच नसायचं. बोटांना फोड आले. माझा बेसूर ऐकून मलाच मळमळायचं, आणि शेजारीण तर धाडकन खिडकी लावून घ्यायची. तरी हळूहळू सूर लागायला लागले होते. ते कशामुळे लागताहेत, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

रविवार दोन दिवसांवर आला. बायको सासऱ्यांना घेऊन डॉक्टरकडे गेली आणि मी बाह्या सरसावल्या. मास्तरांसमोर हे गलिच्छ धूड घेऊन उभं राहायचं नाही, हे माझं ठरलं होतं. बेस जमिनीवर आडवा केला आणि गिटारच्या काढतो तशा चारही तारा सोडवल्या. त्याबरोबर तारांखालची लाकडी घोडी धपकन आडवी झाली. तिला तारांच्या दाबाशिवाय कशाचाच आधार नव्हता! मागोमाग बेसच्या पोटात काहीतरी खट्ट करून पडलं आणि गडगडलं. म्हटलं, बघू नंतर.

दांडी स्पिरिटने घासली. फडक्यामागून फडकं काळं होत गेलं आणि माझा जीव थंड होत गेला. खालचं लाकूड चक्क मधाच्या रंगाचं निघालं. मग तारा पातेल्यात घातल्या. दोघींवर धातू गुंडाळलेला दिसत होता. उरलेल्या दोन मळाने इतक्या काळ्याकुट्ट झालेल्या की त्याही धातूच्याच, असं मी धरून चाललो.

पाणी उकळलं आणि घरात असा वास सुटला की मी खिडकीकडे धावलो. तेवढ्यात दार उघडलं.

"अहो, काय मेलंय घरात?" बायकोने नाकाला पदर लावला.

सासरे स्वयंपाकघरात आले आणि पातेल्यात डोकावले. दोन तारा आकसून, फुगून, गांडुळांसारख्या वेटोळ्या झाल्या होत्या.

"सूप कुणासाठी?" त्यांनी विचारलं. "आतडी आहेत ती, जावईबापू. मेंढीची."

महिनाभर मी ती बोटांनी कुरवाळत होतो. मी तिथेच मोरीत ओकलो.

तोंड धुऊन खोलीत गेलो तर सासरे बेसपाशी खाली बसलेले. कापता अंगठा त्यांनी दांडीच्या मागून फिरवला. तो वरपासून खालपर्यंत सरसर घसरत गेला, कुठेच थांबला नाही. त्यांनी पुन्हा फिरवला.

"हात गेला तेव्हा वाटलं, निदान अंगठ्याच्या जागा तरी राहिल्यात," ते म्हणाले. "त्याही धुतल्यात."

"बाबा, तो मळ होता."

"हो. मळच होता."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच किळस आली, आणि ती धुवायला घरात स्पिरिट उरलं नव्हतं.

दुसरा दिवस त्या पोटातल्या काठीने खाल्ला. वरची आणि खालची फळी तोलून धरणारी ती काठी डिंकाने चिकटवलेली नसते, नुसती दाबाने उभी असते. सासरे पालथे पडून वरच्या फळीच्या एका भोकातून विजेरी धरत होते आणि मी दुसऱ्या भोकातून वाकडी सळई घालून काठी उभी करत होतो. त्यांच्या तोंडाचा वास थेट माझ्या नाकात येत होता. ती दहादा पडली, तेव्हा कुठे उभी राहिली. खोळीच्या खिशात कधीच्या आणून ठेवलेल्या धातूच्या तारा निघाल्या, घोडी उभी करून त्या चढवल्या.

रविवारी मास्तर खुर्चीत बसले. त्यांच्या मागे दारात सासरे उभे राहिले. पहिल्याच सुराला अंगठा घसरला आणि मास्तरांनी कपाळाला आठी घातली. मी दाराकडे पाहिलं. सासऱ्यांनी हनुवटी किंचित वर केली. मी हात सरकवला, सूर लागला. पुढचा चढा झाला, हनुवटी खाली आली. असे आम्ही दोघे कसेबसे चालत राहिलो. मग सासऱ्यांनी डोळेच मिटून घेतले. आता कान सोडून मला काही उरलं नाही. घसरायच्या भीतीने मी अंगठा इतका दाबला की त्याचा फोड फुटला, तरी थांबलो नाही.

"कच्चा आहेस," मास्तर उठत म्हणाले. "पण ऐकतोस. तालमीला ये."

ते गेल्यावर मी दांडी फिरवून पाहिली. स्वच्छ लाकडावर फोडाचं पाणी, रक्त आणि घाम यांचा चिकट ठसा उमटला होता. मी फडकं उचललं.

"पुसू नकोस," सासरे म्हणाले.

त्यांनी आपला अंगठा त्या ओल्या ठशावर टेकवला. तो जागच्या जागी थरथरत राहिला, पण घसरला नाही.

"इथेच होती माझी जागा," ते म्हणाले.

"शी, बाबा," मी म्हणालो, आणि फडकं खिशात कोंबलं.