पियानो खाली ठेवा

ओफेलियाबाईंनी निम्म्या पायसांदू गावाला पियानो शिकवला होता. पण घर सोडून मुलीकडे माँटेविडिओला जायचं ठरलं, तेव्हा एकाही विद्यार्थ्याच्या घरी त्यांच्या पियानोसाठी भिंत निघाली नाही. वडिलांनी घेतलेला उभा पियानो, दर वर्षी सूर लावून घेतलेला. लाकूड तडकू नये म्हणून बाई उन्हाळ्यात त्याच्या आत पाण्याची वाटी ठेवायच्या.

मुलगी मिर्ता म्हणाली, "आई, माझ्या फ्लॅटमध्ये तू मावलीस तरी खूप झालं."

पियानो विकायची जाहिरात वाचून बेंतांकोर नावाचा माणूस आला. नदीकाठी नवं हॉटेल काढत होता, बोलणं गोड. त्याने टेपने पियानोची रुंदी मोजली, खोली मोजली. झाकण काही उघडलं नाही.

"वाजवून बघा की."

"तुमच्या हातचा म्हटल्यावर बघायचं काय, बाई?"

"वाजवणार कोण?"

"बायको. लहानपणी शिकलीय ती."

बाईंना इतकं बरं वाटलं की किंमत त्यांनी आपणहून उतरवली.

न्यायच्या दिवशी हमालांनी पियानो उंबऱ्याबाहेर काढला. बेंतांकोर फुटपाथवर फोनवर बोलत होता. "आतलं सगळं भंगारात घालू रे. तारा, हातोड्या, सगळं. वर बाटल्या, खाली बर्फ, झाला बार. पट्ट्या तेवढ्या पुढे चिकटवू, फोटोला बऱ्या दिसतील."

बाई मागेच उभ्या होत्या.

"पियानो खाली ठेवा," त्या हमालांना म्हणाल्या.

बेंतांकोर वळला. "अहो, पैसे दिलेत मी."

"बायकोला बोलवा. एक सूर वाजवून दाखवू दे."

"बायको कुठून आणू? लग्नच झालं नाही माझं." एक हमाल फिस्सकन हसला. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो हो. आजकाल हे वाजवतंय कोण?"

"खोटं बोलायचं आणि वर उपकार दाखवायचे? मी दारात उभी आहे आणि तुम्ही याचं पोट फाडायच्या गोष्टी करताय."

बाईंनी आतून पैसे आणले आणि त्याच्या हातात कोंबले. "हमालांची मजुरी तुम्ही द्यायची. लबाडी तुमची होती."

'वेडी म्हातारी' असं पुटपुटत त्याने मजुरी दिली आणि तो गेला. हमालांनी पियानो परत आत ठेवला.

शनिवारी घराची किल्ली द्यायची होती. हे ऐकून मिर्ता फोनवर इतकी ओरडली की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. मग रागातच बाईंनी नेल्सन एचेगोयेनला फोन लावला. लहानपणापासून शिकलेला विद्यार्थी, आता बंदर कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी.

"जागा नाही म्हणालास ना? तुमच्या सभागृहात पिंगपाँगचं टेबल बरं मावतं."

"बाई, तिथे वाजवणार कोण?"

"तू. बोटं आहेत ना जागेवर?"

दुसऱ्या दिवशी नेल्सन ट्रक घेऊन आला. फुकट द्यायला बाई तयार नव्हत्या. फुकटच्या वस्तूवर लोक ग्लास ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. युनियनला झेपेल तेवढं त्यांनी घेतलं, आणि ट्रकमध्ये पुढे बसून स्वतः सभागृहात गेल्या. ऊन न लागणारी भिंत दाखवली. पिंगपाँगचं टेबल सरकवायला लावलं. नेल्सनला बसवून वाजवायला लावलं. तो तीनदा चुकला, तीनदा त्याने बोलणी खाल्ली.

माँटेविडिओला बसमधून उतरल्यावर मिर्ताने बॅग हातात घेत विचारलं, "झालं ना आता मनासारखं?"

"कुठलं झालं?" बाई म्हणाल्या. "तो हॉटेलवाला आता दुसऱ्या कुणाचा तरी पियानो घेईल."