दारापुढची गादी

मी गादी बोलतेय. पाठ टेकायची नव्हे, आदळायची.

राष्ट्रीय इनडोअर मैदानी स्पर्धेत साठ मीटरची शर्यत असते. अंतिम रेषेपुढे थोडीशी मोकळी जागा आणि मग थेट भिंत. जीव खाऊन पळणाऱ्या माणसाला तेवढ्या जागेत थांबता येत नाही, म्हणून भिंतीला आम्ही उभ्या. उंच, जाड, निळ्या रेक्झिनच्या गाद्या. रुंद चिकटपट्ट्यांनी एकमेकींना धरून.

कारखान्यात ज्या बाईंनी मला शिवलं, त्यांनी शेवटचा दोरा तोडला, दोन पावलं मागे सरल्या आणि धाडकन माझ्यावर अंग टाकलं. "जमली," त्या म्हणाल्या. "हिच्यावर आमचे हे आपटले तरी वाचतील. तेवढाच एक दोष आहे हिच्यात." सगळा कारखाना हसला. माझं काम मला त्या दिवशी कळलं.

माणसांचे चेहरे मी फार जवळून पाहते. जिंकलेली पोरगी मला जेमतेम शिवते आणि मान वळवून फलकाकडे बघते. हरलेली मात्र थांबते. माझ्यात तोंड खुपसते, डोळे माझ्या रेक्झिनला पुसते आणि मग हसत मागे वळते. प्रेक्षकांना फक्त ते हसू दिसतं.

माझ्या आणि माझ्या शेजारणीच्या सांध्यामागे लोखंडी चौकटीचं एक दार आहे. पलीकडे पाहुण्यांची खोली. सोफे, चहा, गारवा. महिलांच्या अंतिम शर्यतीआधी प्रमुख पाहुण्यांनी मैदानात येऊन धावपटूंशी हस्तांदोलन करायचं, ही इथली जुनी पद्धत. बाजूला दुसरं दार आहे, पण कॅमेरे अंतिम रेषेजवळ असतात. म्हणून संघटनेचे सचिव, ज्यांना सगळे काका म्हणतात, आमची पट्टी ओढून काढायला लावतात. आम्ही दोघी बाजूला सरतो, मधून पाहुणे प्रकट होतात, टाळ्या पडतात. पाहुण्यांना त्याच वाटेने चहाकडे परतायचं असतं, म्हणून शर्यत संपेपर्यंत फट तशीच ठेवतात.

"एवढ्याशा फटीतून कोण जातंय?" काका म्हणायचे.

थोरली गेली.

दोघी बहिणी पळायच्या. धाकटी त्या दिवशी वर प्रेक्षकांत बसून घसा फाडून ओरडत होती. थोरली चौथ्या लेनमध्ये, म्हणजे बरोबर माझ्या समोरून, सगळ्यांच्या पुढे. रेषेवर छाती झोकताना तिचा तोल गेला आणि ती तिरकी आली. तिचा खांदा मला लागला. फक्त खांदा. डोकं चौकटीवर गेलं.

शर्यत तिने जिंकली होती. तिला उचलून नेत होते तेव्हा फलकावर तिचं नाव सगळ्यात वर होतं. ती परत आली नाही.

चौकशी झाली. पोरीने वेग वेळेत आवरायला हवा होता, असं वडीलधाऱ्यांचं एकमत झालं. चौकटीला नवा रंग दिला. बाकी पाहुणे, टाळ्या, फट, सगळं जिथल्या तिथे.

पण तेव्हापासून एक गोष्ट बदलली. कुठलीही शर्यत असो, धावणारे आमच्यावर आदळतात, धपाधप, आणि ते सगळे थांबल्यावर मागून आणखी एक आवाज येतो. टण्ण. लोखंडावर हाड आपटल्याचा. सांधा बंद असला तरी येतो. कोणीतरी अजून पळतंय, आणि प्रत्येक वेळी तिथेच पोचतंय.

काकांनाही तो ऐकू येतो. मी पाहिलंय. भाषण करताना ते मध्येच थांबतात, घाम पुसतात आणि म्हणतात, "त्या दाराला तेल घाला रे कुणीतरी." दाराला इतकं तेल घातलंय की ते आता वाऱ्यानेही उघडतं.

यंदा अंतिम शर्यतीत धाकटी होती. चौथी लेन. तिच्या अंगावर बहिणीचाच बनियन होता, खांद्यावर सैल.

पाहुणे प्रकटले, हस्तांदोलन झालं, काकांनी पलीकडे हात केला: चालू करा. आठ जणी सुरुवातीच्या रेषेवर, पाय रोवायच्या ब्लॉकमध्ये वाकल्या. धाकटीने मान वर केली, समोर पाहिलं आणि उठून उभी राहिली. मग सरळ लेनमधून चालत आमच्याकडे निघाली.

"लेन चार, जागेवर या!" सुरुवात देणारे पंच ओरडले.

काका पुढे झाले. "अगं ए, कुठे चाललीस?"

"गादी लावायला."

"ते आमचं काम आहे."

"मग करा की."

"साहेब आत्ता परत जाणार आहेत. लावायची, पुन्हा काढायची, कशाला तो उपद्व्याप?"

"साहेबांना बाजूच्या दाराने जाऊ द्या. पाय आहेत ना त्यांना?"

प्रेक्षकांत खसखस पिकली. पाहुण्यांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"तोंड सांभाळून बोल," काका म्हणाले. "तुझ्या वयाचे असताना आम्ही मोठ्यांपुढे मान वर करत नव्हतो."

"म्हणूनच तुम्हाला दार दिसलं नाही, काका."

धाकटीने मला खांदा लावला, ढकललं, शेजारणीला ओढलं आणि पट्टी वरपासून खालपर्यंत तळहाताने दाबत आणली. शर्यत थांबवल्याची शिक्षा काय असते, हे तिला माहीत होतं.

पंच चालत आले आणि त्यांनी लाल कार्ड दाखवलं. वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत एवढ्याशा पुठ्ठ्यात संपली.

"नियम सगळ्यांना सारखा," काका पुटपुटले. त्यांची नजर जमिनीवर होती.

"असू दे," धाकटी म्हणाली. "पण ही पट्टी आता कुणी काढायची नाही." बूट हातात घेऊन ती कडेला उभी राहिली. तिथून कोणीही तिला हलवू शकलं नाही.

सात जणी पळाल्या. पाचव्या लेनमधली पोरगी शेवटी तिरकी झाली आणि थेट सांध्यावर आदळली. डोकं आधी. आम्ही दोघींनी तिला धरलं. ती हसली, केस सारखे केले आणि फलक बघायला पळाली. आमच्यामागे काय होतं, ते तिला कधीच कळणार नाही. कळूही नये.

मग सगळं शांत झालं. मी त्या आवाजाची वाट पाहत अंग चोरून उभी होते. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

चौथी लेन रिकामी होती. तिच्यातून कोणीतरी आलं. आधी दोन तळहात, मग कपाळ, मग सगळं वजन. मी आत आत दबत गेले. लोखंड वाजलं नाही.

ते वजन बराच वेळ माझ्यावर होतं. दमलेल्या माणसाचं असतं तसं.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि ती धावत आली. रेक्झिनवर दोन पंजे उमटले होते, हळूहळू भरून येत होते. तिने त्यांत आपले हात ठेवले. पंजे तिच्या हातांपेक्षा थोडे मोठे होते.

"ताई," ती म्हणाली, "थांब आता."

सध्या मी कोठीत उभी आहे. माझा फोम बसलाय, शिवण उसवलीय. पुढच्या खेपेला नवी गादी येईल. येऊ दे. माझं एवढंच मागणं आहे: पाहुण्यांना हवं त्या दाराने आणा, त्यांच्यासाठी हव्या तेवढ्या टाळ्या वाजवा. पण शर्यत सुरू करायची बंदूक उचलण्याआधी तुमच्यातल्या कुणीतरी, वय कितीही असो, एकदा इथवर चालत या आणि पट्टीवरून हात फिरवा. आम्हाला स्वतःहून जवळ सरता येत नाही.