खेकड्याची शिट्टी

मित्रांनो, मी शिट्टी आहे. कुकरची नव्हे, फुटबॉलच्या पंचाची नव्हे आणि वॉचमन पार्किंगमध्ये फुंकतो ती तर मुळीच नव्हे. मी रेल्वे इंजिनाची पितळी शिट्टी आहे, वीतभर उंच आणि एका हाताने धरली तर मनगट दुखेल इतकी जड. हल्ली मी मीरा रोडला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहते. रस्त्यावर ऊठसूट कोकलणाऱ्या हॉर्नांशी माझी तुलना केलेली मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. शंभरएक वर्षांपूर्वी तिकडच्या कारखान्यात मला ओतलं, कानशीने घासलं आणि मालगाडीच्या एका इंजिनाच्या डोक्यावर बसवलं. ते इंजिन बोटीने मुंबईला आलं. ज्या रेल्वे कंपनीने आम्हांला मागवलं, तिचं नाव आता कुठल्या पाटीवर उरलेलं नाही. विजेवर चालणारं ते धूड होतं. पुढे लांब नाक, मागेही लांब नाक आणि मध्ये ड्रायव्हरची खोली. चालू लागलं की चाकांशेजारचे दांडे तिरके-तिरके हलत. घाटातल्या माणसांनी पाहिलं आणि उभ्या-उभ्या त्याचं बारसं उरकलं. नाव ठेवलं खेकडा.

खेकडा काही देखणा नव्हता. पण बोरघाट चढावा तो त्यानेच. कर्जतहून गव्हाची पोती, लोखंड, खत अशी जड गाडी घेऊन तो निघे आणि कण्हत-कुंथत लोणावळ्याला पोहोचे. चढ इतका, की एकट्याने जमायचं नाही. मागून ढकलायला दुसरी इंजिनं लागत. त्यांना म्हणत बँकर. आमच्या मागच्या इंजिनावरचा सॅम्युएल उत्तनचा होता. त्याने गावात ‘मी बँकरवर असतो’ असं सांगितलं, तर सगळा गाव कित्येक वर्षं त्याला बँकेतला साहेब समजत होता.

पुढच्या खेकड्यावर असायचा ज्ञानदेव. तो मराठवाड्यातला आणि बोलायला अगदी मोजका. सॅम्युएल समुद्रकाठचा आणि तोंडाचा फटकळ. दोघांचं मेतकूट मात्र असं, की घाटमाथ्यावर गाडी पोहोचली की ज्ञानदेवच्या बायकोने, कांताने, दिलेली ज्वारीची भाकरी सॅम्युएल खाई आणि सॅम्युएलच्या डब्यातली सुकट ज्ञानदेव फस्त करी.

गाडी चालताना मात्र ते एकमेकांना दिसत नसत. मध्ये तीसेक डबे, त्यात वळणं आणि बोगदे. म्हणून त्यांचं बोलणं शिट्ट्यांतून चाले. थांबायचं असलं की पुढच्याने एक लांब शिट्टी द्यायची. मागच्याने तशीच लांब शिट्टी परत दिली, की मगच ब्रेक. दोघांचे जीव माझ्या आवाजावर होते, आणि मला त्याचा गर्व होता.

एकोणीसशे सत्याऐंशी साली हा गर्व उतरला. खेकडा तेव्हा म्हातारा झाला होता आणि आठ-दहा दिवस आडबाजूला नुसता उभा होता. एक कुंभारमाशी आली. तोंडात चिमूट-चिमूट चिखल आणून तिने माझ्या घशात घर बांधायला घेतलं. मला गंमत वाटली. वाजले की उडून जाईल सगळं, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत, बोगद्यात असताना, पुढे लाल सिग्नल दिसला. ज्ञानदेवने माझी दोरी ओढली. अर्धा घसा चिखलाने बुजलेला. मी नुसती चिरकले. पण बोगद्यात कुजबुजसुद्धा मोठी होते. माझाच आवाज भिंतींवर आपटून परत आला आणि ज्ञानदेवला वाटलं, सॅम्युएलने उत्तर दिलं. त्याने ब्रेक लावला. मागे उघड्यावर असलेल्या सॅम्युएलच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. तो जोर लावून ढकलतच राहिला. डबे एकमेकांवर आदळले, सॅम्युएल फेकला गेला आणि त्याचं उजवं मनगट पार चिरडलं.

कुणाचा जीव गेला नाही. पण सॅम्युएलला इंजिन पुन्हा मिळालं नाही. झेंडे नि कंदील ठेवायच्या खोलीत त्याला हलकं काम दिलं गेलं. चौकशी झाली. ज्ञानदेव म्हणाला, “मी शिट्टी दिली आणि याने उत्तरही दिलं.” सॅम्युएल म्हणाला, “शिट्टी वाजलीच न्हाय. खोटा हाय हा.” दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. मला कुणी विचारलं नाही, उघडूनही पाहिलं नाही. खेकडा त्या दिवसापासून मोडीतच निघाला होता, त्याच्यात हवा नव्हती, आणि हवेशिवाय मी मुकी. दोघा मित्रांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

इंजिन भंगारात जाताना ज्ञानदेवने अर्ज केला आणि रीतसर परवानगी काढून मला घरी आणलं. कांताला म्हणाला, “ही माझी साक्षीदार आहे. ही वाजली होती.” कांताबाई दर चौदा एप्रिलला मला चिंचेने घासून लख्ख करायच्या. ज्ञानदेव माझ्याकडे अभिमानाने बघायचा. मी आतून शरमेने मरत होते. चुकीच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते मला विचारा.

कांताबाई गेल्या. पुढे मी बाल्कनीत आले, कोरफडीच्या कुंडीशेजारी. कधी दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवत. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं करताना घरच्यांनी पितळ किती घासायचं?

मला बाहेर काढलं ज्ञानदेवच्या नातीने, संघप्रियाने. ती नोकरी करते आणि उरलेल्या वेळात रेल्वेचं वेड जोपासते. तिच्यासारख्यांचा एक गट आहे. यातल्या बहुतेकांचा जन्म खेकडे भंगारात गेल्यावरचा. तरी कुठला खेकडा कोणत्या साली आला, हे त्यांना तोंडपाठ. घाटातल्या तारांमधली जुन्या पद्धतीची वीजसुद्धा आता बदलली, त्याचंही त्यांना दुःख. कधी न भेटलेल्या आजोबांबद्दल बोलावं, तसे ते खेकड्याबद्दल बोलतात. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. आपली आठवण काढणारं कुणी आहे, हे कळलं की पितळेलासुद्धा बरं वाटतं.

या गटातल्या डिलनचं जवळच्याच मुर्धा गावात पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानात हवेचा कंप्रेसर. “आपण हिला वाजवू या ना!” तो म्हणाला. रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. उत्साहाच्या भरात त्याने दुकानावर खडूने लिहिलं, ‘आज खेकडा’. मग काय, शेजारची ममता पातेलं घेऊन हजर.

“चिंबोऱ्या कुठं हायत रं?”

डिलनने माझ्याकडे बोट दाखवलं. ममताने मला उलटसुलट पाहिलं. “ही? ही शिजंल कवा?”

ज्ञानदेव रिक्षातून उतरला. गटातल्या मुलांनी त्याला घेरलं. “अंकल, खेकड्याचा लास्ट रन तुम्हीच केला ना?” तो उत्तर देणार, तेवढ्यात दुकानाच्या आतून काठी टेकत एक म्हातारा आला. उजवा हात वाकडा. डिलनचा आजा म्हणजे सॅम्युएल, हे तोवर ना संघप्रियाला ठाऊक होतं ना ज्ञानदेवला. खेकड्याची शिट्टी येणार म्हणून तो उत्तनहून आला होता. ती कुणाच्या हातातून येणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोघं समोरासमोर उभे राहिले. सॅम्युएल वळला; पण गेला नाही. स्टुलावर बसून म्हणाला, “वाजव, डिलन. आज तरी ऐकू येते काय बघू.”

डिलनने नळी जोडली, चावी फिरवली. मी चिरकले, त्या दिवशीसारखीच. मुलांचे चेहरे पडले. डिलनने मला उघडलं, तार घातली, आणि मातीचा टणक गोळा त्याच्या तळहातावर पडला.

“कुंभारमाशीचं घर,” संघप्रिया म्हणाली.

ज्ञानदेवचा चेहरा पांढराफटक पडला. “सॅमी,” तो म्हणाला, “म्हणजे ही त्या दिवशी...”

“बाल्कनीतली हाय ती माती,” सॅम्युएल तोडून बोलला. “तीस-चाळीस वर्षं घरात पडून होती. माशी काय घाटातच असते?”

खरं होतं. बाल्कनीत माश्या येतातच. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्यात हवा नव्हती. सॅम्युएलने तो गोळा घेतला. एक तुकडा मोडला. आणि मित्रांनो, त्याने तो जिभेवर ठेवला. मिठागरांच्या काठी वाढलेली माणसं माती चाखून सांगतात. मीरा रोड, मुर्धा, उत्तन, कुठूनही चिमूट उचला, खारटच लागणार. त्याने तो तुकडा जिभेवर घोळवला. थुंकून ‘खारी हाय’ म्हणाला असता, तर कुणी पडताळायला जाणार नव्हतं. त्याचा राग त्याच्याकडेच राहिला असता.

“न्हाय,” तो म्हणाला. “खारी न्हाय. घाटाची माती हाय ही.”

मग ज्ञानदेवकडे बघून म्हणाला, “मंग तू दोरी ओढली होतीस.”

“ओढली होती. आणि तुला ऐकू आली नव्हती,” ज्ञानदेव म्हणाला. “तुझं उत्तर आलं असं मी सांगितलं, ते तुझं नव्हतं रे. बोगद्यात हिचाच आवाज परत आला. आत्ता कळतंय मला.” तो सॅम्युएलच्या वाकड्या मनगटावर हात ठेवून रडला. अडतीस वर्षं साठलेलं ते पाणी होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. बाहेरून मी नेहमीच चकचकीत होते. त्यांना उघडून बघा, वापरून बघा. आणि माणसाला खोटं ठरवण्याआधी मध्ये कुठे काही अडकलंय का, तेही तपासा. मी वेळेवर बोलले असते, तर या दोघांच्या कितीतरी भाकऱ्या एकत्र खाऊन झाल्या असत्या.

डिलनने पुन्हा चावी फिरवली. या वेळी मी वाजले. मुर्ध्याची कुत्री भुंकायला लागली, ममताच्या हातातलं पातेलं पडलं. मुलं मोबाईल धरून श्वास रोखून उभी होती. आवाज थांबायच्या आतच सॅम्युएल मोठ्याने म्हणाला, “आली रे ज्ञानू! ऐकू आली!”

रेकॉर्डिंग बिघडलं. मुलांनी हात जोडून विनवलं, “आजोबा, परत वाजवतो, फक्त तुम्ही बोलू नका, प्लीज.” सॅम्युएलने मान डोलावली. डिलनने चार वेळा वाजवलं आणि चारही वेळा तो बोललाच.