ओला चुना

सुनंदाताई भिंतीशी बोलत त्या तळहाताने. बंद कापडगिरणीच्या साळखात्यात, जिथे माग उचलून नेल्यावर उरलेली शांतता चैत्राच्या उन्हासारखी अंगावर येई, त्या आधी भिंतीला हात लावीत, क्षणभर डोळे मिटीत, आणि मगच प्रोजेक्टरची दिशा ठरवीत. मी त्यांची शेजारीण. तारा गुंडाळण्यापलीकडे माझा उपयोग नव्हता.

भिंतीवर पाठीच्या आकाराचा एक काळसर डाग होता. त्यांचे वडील, अण्णा, तीस वर्षे विसाव्याच्या घटकेला तेथेच टेकून बसत. तेलाने, घामाने ती पाठ चुन्यात मुरली होती. अखेरच्या वर्षात टिपलेले अण्णांचे चलच्चित्र नेमके त्या डागावर पडावे, छायेने आपल्या जागी येऊन टेकावे, एवढ्यासाठी ताईंनी दोन हिवाळे वेचले होते. पाहुण्यांना ते दाखवायची परवानगी एकाच सायंकाळची होती.

त्या दुपारी आम्ही पोहोचलो, तेव्हा भिंत पांढरी होत होती.

राखणदार केशवजी अभिमानाने म्हणाले, ‘‘ताई, पाहुणे येणार अन् भिंत अशी काळी? आपल्या इंदूरची इज्जत आहे ना. आत्ताच चुना मारून घेतला. डाग एक नाही दिसणार, पूरी गॅरंटी.’’

ताईंचा तळहात भिंतीवर गेला आणि ओला होऊन परतला. ओल्या चुन्याआड तो डाग, धुक्यातल्या वृक्षासारखा, अजून दिसत होता. चुना सुकला की तो पुरता झाकला जाणार होता, आणि खिडक्यांतले ऊन त्याच्यावर चालून येत होते.

‘‘सुखायला किती वेळ, केशवजी?’’

‘‘कडक ऊन आहे. घंटाभर, बस.’’

‘‘मग चित्र आत्ताच लावू. खिडक्या झाका.’’

आम्ही गोणपाटे टांगली. डावीकडून अण्णा आले, बसले, टेकले, वीतभर चुकून. ताईंनी प्रोजेक्टर केसाएवढा सरकवला, पुन्हा सरकवला. अखेर पाठ पाठीत मिसळली.

‘‘अरे, हे तर आपले अण्णा,’’ केशवजी पुटपुटले. ‘‘पहिले सांगायचं ना, ताई.’’

‘‘तुम्ही विचारायचं ना, भिया.’’ त्या वळल्या नाहीत.

डागाच्या कडा आधी विरल्या, मग खांदे. सायंकाळी पाहुण्यांनी शुभ्र भिंतीवरचे चित्र मनापासून वाखाणले. अण्णांना टेकायला आधार नाही, हे आम्हा तिघांनाच दिसत होते. काळाला तो माणूस न्यायला एक आयुष्य लागले होते. त्याची टेकण्याची जागा न्यायला एका दुपारचे ऊन पुरले.