हिरव्या चुड्याची घरं

वाटे ज्याने घालायचे त्याने शेवटी उचलायचं, हे अमृतरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वाटे राजकुमारने घातले. म्हणजे पहिलं उचलणं रूपाकडे आलं.

दोघा नवराबायकोंनी आदिलाबादच्या कोर्टात राजीखुशीने फारकत मागितली होती. बांगड्यांच्या धंद्याचं आपसात ठरवून लिहून आणा, असं वकील म्हणाला. बेला गावच्या बाजारातले तंटे किराणावाल्या अमृतरावांच्या ओसरीवरच मिटत. म्हणून तिथे बसणं झालं.

ओसरीवर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक दुकानाची किल्ली, दुसरी सासूची, सोनाबाईंची, बांगड्यांची पेटी. किल्लीच्या वाट्यात दुकान, त्यातला सगळा माल आणि स्कुटी. पेटीच्या वाट्यात अकरा गावांतली लग्नाची घरं. त्या घरांत लग्न निघालं की नवरीला हिरवा चुडा राजकुमारच्याच घरच्या कासारणीने भरायचा, अशी पिढ्यांची रीत. मरायच्या आधी सोनाबाईंनी रूपाला घरोघर नेऊन दाखवलं होतं, माझ्या मागून ही येईल म्हणून. रूपाचा हात असा मऊ की बारा वर्षांत भरताना एकाही नवरीच्या हातावर बांगडी वाढली नव्हती.

किल्लीचा वाटा जड दिसत होता, आणि रूपाला धास्ती त्याचीच होती. दुकान भाड्याचं, मालक राजकुमारचा लंगोटीयार. उद्या खाली करा म्हणाला तर दाद कुठे मागायची? आणि घरं राजकुमारकडे गेली की मंचेरियलची ती, जिच्यापायी हे सगळं झालं, कपाळभर कुंकू लावून हीच पेटी घेऊन गावं फिरणार.

पण घरं घ्यावीत तर बोलावणार कोण? दुकानात गिऱ्हाईक येतं, डझनभर घेतं, जातं. लग्नघर तसं नसतं.

"उचल ना व," राजकुमार म्हणाला. "दुकान घे. सावलीत बसशील. मी फिरतो उन्हातान्हात."

"बारा वर्सं ही फिरली तवा ऊन नव्हतं का रे?" दारातून अमृतरावांच्या बायकोने, तुळजाबाईंनी विचारलं.

"तसं नाही काकू. हिले घरं देऊन उपेग काय? फारकतवालीले चुडा भराले कोण बोलावते? तुमीच सांगा."

अमृतराव तंबाखू मळत राहिले. राजकुमार खोटं बोलला असता तर कोणीतरी त्याला टोकलं असतं, हे रूपाला कळत होतं.

तुळजाबाईंच्या नातीचं, चंचलचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं. हे घरही पेटीच्या वाट्यातलंच. रूपाने विचारायचं ठरवलं नव्हतं. इथे नकार आला तर सगळं इथेच संपणार होतं. न विचारता पेटी उचलली तर तोच नकार महिन्याने कळणार, एवढाच फरक. शेवटी तिने विचारलं.

"काकू, चंचलचा चुडा मी भरू का?"

तुळजाबाईंनी पदराला हात पुसले. रूपाच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा खाली बघत होता.

"भरजो," त्या म्हणाल्या. "पण मांडवात नोको, माय. व्याही लोक राह्यतीन. मांगच्या खोलीत भरजो. अन् कोणाले सांगू नोको."

राजकुमार हसला. "आयकलं ना? चोरावानी."

रूपाने हो आणि नाही, एवढ्याच दोन उत्तरांचा विचार केला होता. आता तिला पुढचं दिसलं. पदराखाली पेटी, मागचं दार, आणि एखाद्या लग्नात नवरदेवाची मावशी विचारणार, हा चुडा कोणाच्या हातचा? ही भीती दर लग्नाला तिच्याबरोबर येणार होती. किल्लीला हात लावला तर यातलं काहीच होणार नव्हतं.

"खोलीत उजेड हाये का काकू?"

"खिडकी हाये एक. पूर्वेकून."

"मंग सकाळीच येईन."

तिने पेटी जवळ ओढली. आत बांगड्या वाजल्या. राजकुमारचं हसणं थांबलं. त्याने किल्लीकडे हात नेला तसे अमृतराव म्हणाले, "थांब. आधी लेहून घेऊ दे. गावाचे नावं सांग, पोरी."

ती सांगू लागली. दोन गावं झाली, तिसऱ्यापाशी अडली. त्या गावात राजकुमारची बहीण दिलेली होती; तिथे मागच्या दारानेही कोणी आत घेईल का? अमृतराव पेन धरून वाट पाहत राहिले. राजकुमारही तिच्याकडे पाहत होता.

मग तिने तेही नाव सांगितलं.